जुन्या बुलेटची मान आणि पाय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत अंबत्तूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, तंजावरचे मराठे, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय होऊन गेले असता आम्ही मात्र मोटारसायकलीच्या पुढल्या चाकाविषयी बोलावयास उभे राहिलो आहोत, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमची पदवी बी.ए.ची आणि नोकरी केंद्र सरकारच्या कचेरीतली. यंत्राशी आमचा अधिकृत संबंध फायलीवरील टिप्पणीपुरताच. तथापि ज्या गावात आपण राहतो त्या गावाचा विषय आपणास परका असू नये, अशी आमची धारणा आहे. टी. आय. सायकल्स ही कंपनी १९४९ साली स्थापन होऊन अंबत्तूरला तिचा कारखाना उभा राहिला. शेजारच्या आवडीस १९५५ पासून ट्यूब प्रॉडक्ट्समध्ये पोलादी नळ्या होऊ लागल्या. आणि त्याच १९५५ साली येथून काही मैलांवरच्या तिरुवोट्टियूरला एनफिल्ड इंडियाने बुलेट मोटारसायकलीचे काम आरंभिले. इकडे ज्या काळात सायकलीला, नळीला आणि मोटारसायकलीला घर मिळाले, त्याच सुमारास आपल्यापैकी अनेकांचे वडीलही बदलीच्या हुकमाने मद्रासेस आले. तेव्हा हा विषय एका अर्थी घरचाच म्हणावयास हरकत नाही.

आमच्या वडिलांनी १९६६ साली घेतलेली साडेतीनशे सी.सी.ची बुलेट आमच्या घरी आहे. आमच्या मातोश्री तिच्यावर मागे बसून मैलापूरच्या देवळांपर्यंत गेलेल्या आहेत. गाडी वडिलांच्या पश्चात काही वर्षे झाकून उभी होती. आता आमच्या कन्येने, जी येथल्याच औद्योगिक वसाहतीत नोकरी करते, ती चालविण्याचा हट्ट धरला आहे. एकदा पाडीच्या चौकापर्यंत फेरी मारून ती परत आली आणि म्हणाली, "बाबा, ही गाडी वळताना कुठे जायचे ते मला विचारत नाही, आणि थांबताना माझे ऐकत नाही. पुढचा सगळा भागच बदलून डिस्कब्रेकचा नवा घालू या." एका कारागिराने तर पुदुपेटच्या जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचा अख्खा पुढचा भाग दोन दिवसांत आणून बसवून देण्याची तयारी दर्शविली. आजी म्हणाली, "ह्यांच्या गाडीला हात लावायचा नाही." एकीकडे नातीचा जीव, दुसरीकडे आजोबांची गाडी, असा तो पेच होता. तो सोडविताना आम्हास जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम हा पुढचा भाग म्हणजे काय ते पाहू. पूर्वीच्या मोटारसायकलींना पुढे लोखंडी पट्ट्यांचा 'गर्डर' फोर्क असे. त्याला एक ठळक स्प्रिंग असे आणि हेलकावे आवरावयास घर्षणाच्या चकत्या असत. १९३५ साली जर्मनीच्या बी.एम.डब्ल्यू.ने आपल्या आर-१२ व आर-१७ या गाड्यांना दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने हेलकावा शमविणारा फोर्क दिला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो बहुतेक सर्वांनी स्वीकारला. रॉयल एनफिल्डने इंग्लंडातील रेडिच येथून १९४९ साली जी बुलेट विक्रीस आणली तिलाही असाच फोर्क होता. महाराष्ट्रात ज्यास आपण सरसकट 'शॉकअप' म्हणतो, ते हेच दोन पाय.

प्रत्येक पायात एक गुळगुळीत पोलादी पाइप आणि त्यावर खालून सरकणारा बाहेरचा नळा, ज्याला कारागीर 'बॉटम' म्हणतात, अशी जोडी असते. आत स्प्रिंग व तेल. स्प्रिंग गाडीचा भार झेलते आणि खड्ड्याचा धक्का आपल्या अंगात साठविते. परंतु साठविलेला धक्का ती परत देते, म्हणून नुसत्या स्प्रिंगवर गाडी उसळत राहील. ती उसळी मोडण्याचे काम तेल करते. बारीक छिद्रांतून त्याला ये-जा करावी लागते, त्यात धक्क्याची शक्ती उष्णतेत विरून जाते. दाट तेल घातले तर पाय सावकाश हलतात, पातळ घातले तर चपळ. जिथे गाडीचे सर्व दोष दाट तेलाने बरे करण्याचा प्रघात आहे, तिथे खड्ड्यांच्या रांगेत पाय पूर्ववत होण्यापूर्वीच पुढचा खड्डा येतो आणि चाक आखडून जाते, हे ध्यानी ठेवावे.

पायांच्या वर आहे मान. चौकटीच्या पुढल्या उभ्या-तिरक्या नळीतून एक दांडा जातो आणि खाली-वर बेअरिंगवर फिरतो. बुलेटसारख्या जुन्या गाड्यांत ही बेअरिंगे म्हणजे वाट्यांत मांडलेले सुटे पोलादी छर्रे. दुरुस्तीच्या दुकानात यास 'कोनसेट' म्हणतात. बुलेटचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. दिवा, वेगमापक आणि दोन बाजूंचे दोन चिमुकले दिवे ज्यात बसविले आहेत ते तिचे डोके केवळ शोभेचे टोपण नव्हे. फोर्कचे दोन्ही पाइप वर त्यातच घट्ट बसतात. म्हणजे वरची 'टी' तीच. अन्य गाडीचा फोर्क घालावयाचा तर हे डोके उतरवावे लागते. गाडीचा चेहरा बदलणे हे येथे नुसते अलंकारिक बोलणे राहत नाही.

चेहऱ्याहूनही महत्त्वाची गोष्ट मोजमापाची. मानेची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. त्या कललेल्या रेषेला खाली जमिनीपर्यंत वाढविले तर ती चाक जिथे जमिनीला टेकते त्याच्या पुढे टेकते. या दोन बिंदूंतील अंतरास तंत्रज्ञ 'ट्रेल' म्हणतात. रुग्णालयातील ढकलगाडीची लहान चाके पाहिलीत तर ती ओढण्याच्या दिशेच्या मागे राहून आपोआप सरळ होतात, तसाच हा प्रकार. ट्रेल पुरेसा असेल तर हात सैल सोडले तरी चाक सरळ जाऊ पाहते. कमी झाला तर गाडी चपळ पण अस्थिर होते. फार वाढला तर जड आणि हट्टी.

हे आकड्यांत पाहू. समजा, मानेचा कल २७ अंश, चाकाची त्रिज्या टायरसह ३२३ मि.मी., आणि पाय मानेच्या रेषेपासून ६० मि.मी. पुढे सरकलेले. गणित केले तर ट्रेल सुमारे ९७ मि.मी. निघतो. आता दुसऱ्या गाडीच्या 'टी' घातल्या आणि ते ६० मि.मी.चे अंतर ४० झाले, तर ट्रेल एकदम १२० च्या घरात जातो. उलट, आणलेला फोर्क २५ मि.मी. आखूड निघाला तर बुलेटच्या सुमारे १३७० मि.मी. लांबीच्या पायथ्यावर पुढचा भाग खाली झुकून मान जवळजवळ एक अंशाने उभी होते आणि ट्रेल ९१ वर येतो. १९ इंची चाकाच्या जागी १८ इंची घातले तरी नुसत्या त्रिज्येने तितकीच घट होते. यांतील दोन बदल एका दिशेने एकत्र झाले, तर ज्या गाडीवर वीस वर्षे हात बसला ती गाडी एका संध्याकाळीत परकी होते. दुकानातून आणलेला फोर्क बसला म्हणजे जुळला असे नव्हे, हा या गणिताचा मथितार्थ.

मग कन्येची तक्रार खोटी होती काय? मुळीच नाही. परंतु तक्रारीचे कारण निराळे होते. जुनी गाडी वाईट चालते तेव्हा ती मुळात वाईट घडविली म्हणून, की झिजली म्हणून, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. म्हणून सुधारणेच्या आधी तपासणी, हा आमचा पहिला नियम ठरला. कचेरीत प्रस्तावाच्या आधी वस्तुस्थितीचा अहवाल मागवितात तसाच.

इंजिनाखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी केले. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरविता ते अगदी मध्यावर 'टक्' करून अडकत होते. याचे कारण असे की आयुष्याचा बहुतेक काळ हँडल सरळच असते. त्या एकाच जागी खड्ड्यांचे धक्के बसून छर्रे वाटीत आपापली घरे पाडतात. मग गाडीला सरळ जाताना सूक्ष्म वळण घेताच येत नाही; ती एक घर सोडून दुसऱ्या घरात उडी मारते. कन्या म्हणत होती तो 'विचारत नाही' हाच दोष. त्यानंतर बॉटम दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ओढले असता खटका लागला; म्हणजे मान सैलही होती. पाय वेगळे करून पाइप जाड काचेवर लोटून पाहिले, एक डगमगला. येथल्या वसाहतीतील एका लेथवाल्याने तो घड्याळी मापावर फिरवून बाक दाखविला. बुश झिजलेले, सील गळके, टायर वरून धड पण कडेने तडकलेला. मागच्या झुलत्या भुजेचे बुशही ढिले होते. हे शेवटचे मुद्दाम सांगतो, कारण मागचे चाक डोलले तरी दोष पुढच्याच माथी मारला जातो.

आता उपचार. पहिली आणि आमच्या मते सर्वांत लाभदायक सुधारणा मानेची. सुट्या छर्ऱ्यांच्या जागी निमुळत्या रुळांची बेअरिंगे, ज्यांना बाजारात 'टेपर रोलर' म्हणतात, ती बसविता येतात. छर्रा एका बिंदूवर टेकतो, रूळ एका रेषेवर. म्हणून भार पसरतो आणि घरे पाडण्याची खोड पुष्कळ कमी होते. जुन्या वाट्या ठोकून काढाव्या लागतात, पण चौकट कापावी वा डागावी लागत नाही. मात्र नव्या बेअरिंगची उंची जुन्याशी ताडून पाहिली पाहिजे. फरक असल्यास चकती घालून तो भरून काढावा लागतो. कसण्याची रीतही निराळी. वंगण भरून, नट थोडा अधिक आवळून हँडल अनेकदा इकडून तिकडे फिरवावे, म्हणजे रूळ जागी बसतात. मग नट किंचित सैल करावा. खटका लागता कामा नये, आणि चाक अधांतरी असता मध्यावरून थोडा धक्का देताच हँडल आपल्या वजनाने बाजूला पडले पाहिजे. फार आवळले तर गाडी मंद वेगात मद्यप्यासारखी दोन्हीकडे झुलते. सैल राहिले तर ब्रेक लावताच खटखटते. काहीशे किलोमीटरांनंतर पुन्हा तपासावे.

दुसरी सुधारणा पायांची. बाकलेला पाइप सरळ करून वापरण्यापेक्षा बदललेला बरा. नवे बुश, नवी सीले, निर्मात्याने सांगितलेल्या जातीचे तेल दोन्ही पायांत मापून समसमान. स्प्रिंगची परीक्षा सोपी आहे. पाइपवर दोरा बांधून बॉटमला टेकवावा, चालकाने स्वार व्हावे, उतरावे, आणि दोरा किती सरकला ते मोजावे. पायाचा एकूण प्रवास समजा १२० मि.मी. असेल, तर बसल्यावर ३० ते ४० मि.मी. दबणे योग्य. त्याहून फार दबला तर स्प्रिंग थकली. फारच कमी दबला तर ती त्या माणसाला जड आहे. वडिलांचे वजन आणि कन्येचे वजन यांत फरक असणारच. गाडी जिला चालवायची तिच्या मापाने ही गोष्ट ठरवावी.

जुळणीतील एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. चाक बसवून सर्व बोल्ट एकदम कसले तर दोन पाय एकमेकांशी समांतर राहतीलच असे नाही. ते जरासे आत वा बाहेर ओढले जातात आणि उत्तम तेल असूनही पाय अडकत सरकतात. म्हणून सर्व बोल्ट हातापुरते लावून, पुढचा भाग पाचसहा वेळा दाबून उसळू द्यावा आणि मग खालच्या आसापासून वर जात क्रमाने आवळावे. या कृतीस एक पैसाही खर्च येत नाही.

काहीजण हँडल थरथरते म्हणून त्याला रोधक, म्हणजे डँपर, बसवितात. जोडगाडी ओढणाऱ्यास वा खडबडीत रस्त्यावर वेगाने जाणाऱ्यास त्याचा उपयोग आहे. पण सैल मान, वाकडा पाइप किंवा मेलेला टायर यांवर तो उपाय नव्हे. तो दोष झाकतो, आणि झाकलेला दोष उघड्यापेक्षा वाईट.

ब्रेकविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबण्याचे मुख्य काम पुढल्या चाकाचे. जुना ड्रम नीट असेल, पट्ट्या ड्रमच्या गोलाईला घासून बसविल्या असतील, केबल नवी असेल, तर तो आपल्या काळच्या वेगाला पुरतो; आजच्या डिस्कची बरोबरी मात्र तो करीत नाही, हे कबूल केलेच पाहिजे. जुन्या बॉटमवर तुकडा डागून डिस्कचा जबडा बसविण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये. ओतीव धातूचा तो नळा त्या ओढीसाठी घडविलेला नाही, आणि डागलेला सांधा सुटला तर चाकच जखडेल. एनफिल्डनेच पुढे बुलेटच्या काही नमुन्यांना डिस्कचा फोर्क दिला. तो घालणारे लोक आहेत; त्यांनी फोर्क, चाक आणि ब्रेक ही एकच जोडणी मानावी, आणि वर सांगितलेले प्रत्येक माप ताडावे.

आता आमचे क्षेत्र, म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असे सांगते की निर्मात्याने मूळ दिलेल्या व नोंदणीपत्रात उतरलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच आशयाचा निर्णय दिला. शिवाय जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली, मूळ स्वरूपात राखलेली, आणि चौकट, सांगाडा वा इंजिन यांतील फेरबदलांसह कोणतीही भारी उलथापालथ न झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल यांसारख्या कारणांसाठीच रस्त्यावर आणावयाची. रोजच्या वापरास ती मोकळी नाही. तेव्हा कचेरीला रोज नेण्याची गाडी आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी ही एकच असू शकत नाही. फोर्क बदलण्याचा विचार असेल त्याने परिवहन कार्यालयास आधी लेखी विचारावे व लेखी उत्तर घ्यावे. तोंडी उत्तराचे मोल काय, हे आमच्याइतके कोणास ठाऊक?

येथे मंडळाच्या वयाचा उल्लेख करण्याचा मोह आवरत नाही. पन्नास वर्षे झाली, चौकट मूळची आहे, भारी उलथापालथ नाही. म्हणजे आपले मंडळही नियमात बसते. फक्त रोज न वापरण्याची अट आपण पाळू नये.

तर आमच्या पेचाचा निकाल असा लागला. चौकट, डोके, पाय आणि ड्रम मूळचे राहिले; मानेत निमुळते रूळ, पायांत नवा पाइप, बुश, सीले व कन्येच्या वजनाची स्प्रिंग, चाकाला नवा टायर आले. जे बदलले ते बाहेरून दिसत नाही, आणि उद्या कोणास पूर्ववत करावयाचे झाल्यास करता येते. काढलेल्या वाट्या व छर्रे तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले आहेत. कचेरीला कन्या आपल्या आधुनिक दुचाकीवर जाते. बुलेट रविवारी सकाळी, वाहतूक जागी होण्यापूर्वी, रेड हिल्सच्या रस्त्याने निघते. ऑक्टोबरपासून ईशान्येचा पाऊस लागला की ती घरीच. पहिल्या फेरीहून परतल्यावर कन्या म्हणाली, "आता विचारते. थांबायला मात्र लवकर सुरुवात करावी लागते." मातोश्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, डोक्यावरचे दोन्ही चिमुकले दिवे जागेवर असल्याची खात्री केली, आणि "ठीक आहे" एवढाच शेरा दिला. आमच्या नोकरीत इतक्या त्वरेने कोणताही प्रस्ताव मंजूर झालेला आम्हास स्मरत नाही.

ज्यांच्या घरी अशी एखादी बुलेट, म्हैसूरची जावा किंवा राजदूत झाकून उभी असेल, त्यांना एकच विनंती. विकण्यापूर्वी किंवा 'नवी करून' घेण्यापूर्वी तिचे पुढचे चाक एकदा अधांतरी करा आणि हँडल फिरवून पाहा. दोष कुठे आहे ते ती स्वतः सांगते. आणि जे काम कराल त्याची तारीख, भाग, मापे, तेलाची जात हे सारे एका वहीत लिहून ठेवा. आमच्या वडिलांच्या वहीत प्रत्येक तेलबदलाची नोंद मोडीमिश्रित मराठीत सापडली; पुढच्या पानांवर कन्येचे अक्षर आता सुरू झाले आहे. परमुलखात वाढणाऱ्या मुलांनी मराठी कशासाठी लिहावे, असे पुष्कळदा विचारले जाते. आमच्या घरात सध्या तरी ती शॉकअपच्या तेलासाठी लिहिली जाते, आणि त्यात आम्हास काही उणे वाटत नाही.